भाकणुकीतला वारा

जुळे सोलापूर
९ नोव्हेंबर २०२४

दादा,

वर 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. दुसरा कागद घेता आला असता, पण तू खोडलेलं बघावंस असं वाटलं. माझा नंबर तू ब्लॉक करून टाकलास म्हणून हे पत्र. वहिनीच्या हातात पडेल, ती तुला देईल. तुला सलग वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. लागू दे.

पाडव्याचा व्हिडिओ वहिनीनं पाठवला. प्रबंधाच्या कामामुळे मी यंदा दिवाळीला आले नाही, ते बरं झालं. देवळापुढचे ढोल थांबतात, तुझ्यावर भंडारा उधळतात, तू डोळे मिटून थरथरायला लागतोस आणि भाकणूक सुरू होते. मृग कसा जाईल, ज्वारी कशी पिकेल, मेंढरांवर कोणता रोग येईल, इथपर्यंत आबा सांगायचे तसंच होतं. मग तू म्हणालास :

"आषाढाचं वारं म्हायेरी गेलं व्हतं. म्या त्येला घिऊन आलोय. पच्चिमेच्या माळावर माजी लोखंडाची मेंढरं चरतील. जो आडवा यील त्येच्या वाड्यात खोकला शिरंल."

लोकांनी चांगभलं केलं. मी व्हिडिओ थांबवला आणि जेवायला गेले. नीट जेवले.

दादा, 'आषाढातला वारा माहेरी गेलाय' हे वाक्य माझं आहे.

भाकणूक सांगणाऱ्यानं आधीचे पाच दिवस माळावरच्या खोपीत एकटं राहायचं, त्याच्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही, म्हणजे देवाच्या शब्दात माणसाचा शब्द मिसळत नाही. हे मला तूच शिकवलंस. आबा खोपीत असताना मी लांबून हाक मारली होती, तेव्हा तू माझं तोंड इतकं घट्ट दाबलंस की ओठ फुटला. आणि यंदा धनत्रयोदशीच्या दुपारी त्याच खोपीतून तुझा मेसेज आला : वाऱ्याचं तुझं काय निघालं?

गेली चार वर्षं मी आपल्या भागातल्या जोराच्या वाऱ्यांवर काम करते आहे. घरात कुणीही, एकदाही, त्याबद्दल विचारलेलं नाही. तू कुठून विचारतोयस, दिवस कोणता आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फक्त आनंद झाला. तुला वाचायचा त्रास नको म्हणून मी आवाज रेकॉर्ड करून एकामागून एक पाठवत बसले. सांगितलं, की चाळीस वर्षांच्या नोंदी बघितल्या तर आषाढ-श्रावणात माळावरून सलग वाहणारा जोराचा वारा कमी होत गेलेला दिसतो. चैत्र-वैशाखात एकदम झोडपून जाणारे वारे वाढलेले दिसतात, पण ते घटकाभराचे. पवनचक्कीला हवा असतो तो पहिला वारा. तुला समजावं म्हणून म्हणाले, आषाढातला वारा माहेरी गेलेल्या बाईसारखा झालाय, कधी परत येईल सांगता येत नाही. मी 'कमी होत गेलेला दिसतो' म्हणाले होते, 'कमी झाला' म्हणाले नव्हते. अजून तुझ्या फोनमध्ये असेल तर ऐकून बघ.

ते तू उलटं केलंस आणि देवाच्या तोंडात घातलंस.

कंपनीचा माणूस म्हणून फिरणाऱ्या प्रभुलिंगला गावचं गायरान पवनचक्क्यांसाठी हवंय. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत ठराव व्हायचाय. पश्चिमेचा सगळा माळ कुंपणासकट जाईल, तीस वर्षांसाठी. मग आपल्या वाडीची मेंढरं कुठं जाणार, हे मला सोलापुरात बसून कळतं आणि तुला तिथं उभं राहून कळत नाही असं नाही. राखणदारीचं कंत्राट तुझ्या नावावर आणि देवाला नवा सभामंडप, असं वहिनी म्हणते.

मला तुझी किळस येते. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. आणि तुझ्यापेक्षा जास्त, तुझा मेसेज बघून मला झालेल्या त्या आनंदाची येते.

रुपाली

२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

वहिनीच्या फोनवरून तू पाठवलेला निरोप ऐकला. "बोलायचं न्हाय आसा नेम हाय. वाचायचं न्हाय, ऐकायचं न्हाय, आसा नेम कुटं हाय? दाव मला." पुढे तू हसलास. माझी खोलीतली मैत्रीण संघप्रिया बाजूलाच इस्त्री करत होती. ती बार्शीची, देवाधर्माच्या भानगडीत नसलेली. ती म्हणाली, "नशीब, तुमच्या देवाला रेंज येते." मी तिच्यावर उगीच चिडले. मग माफी मागितली.

तू हेही म्हणालास, की तू मेंढरं राखलीस म्हणून मी शाळा शिकले. खरं आहे. मी ते कधी नाकारलेलं नाही. पण चौथीनंतर तू सोडलेल्या शाळेचं हे असं काही वसूल करशील असं वाटलं नव्हतं.

तुझा प्रभुलिंग परवा विभागात येऊन गेला. पांढरे बूट, हातात पेढ्यांचा पुडा. सगळ्यांसमोर माझ्या पाया पडायला वाकला. "बिरुदेवअण्णांच्या भगिनी म्हणजे आमाला देवाच्या ठिकाणी." त्याला विद्यापीठाच्या कागदावर माझ्या दोन ओळी हव्या होत्या. मी म्हणाले, वारा वाढलाय असं मी लिहिणार नाही.

"वाढलाय कुटं लिवा म्हणतोय ताई? तुमचं मन लई नाजूक. 'या माळावर वारा आहे' एवढंच लिवा. वारा हाय का न्हाय, तुमीच सांगा?"

वारा आहे, दादा. वाक्य खरं आहे. कुणीही त्यात खोट काढू शकणार नाही. म्हणूनच ते वाक्य ऐकताना मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. खोटं बोलणाऱ्याला मी तोंड देऊ शकते, पण याच्याकडे माझ्यासारख्या माणसासाठी बेतून आणलेलं खरं होतं. माझा हा स्वभाव त्याला कुणी सांगितला? तूच.

जाताना म्हणाला, "न्हाय लिवलं तरी चालतंय. गावात अण्णांनी सांगून ठिवलंय, इद्यापीठातल्या भनीनंबी ह्येच काढलंय म्हणून."

म्हणजे आता वाडीत देवही तुझा आणि संशोधनही तुझं.

पेढे मी खाल्ले नाहीत. टाकलेही नाहीत, अन्न टाकायला हात होत नाही. पुडा खिडकीत पडून आहे आणि त्याला मुंग्या लागल्या आहेत.

रुपाली

१५ डिसेंबर २०२४

दादा,

हे पत्र पाठवावं की नाही, कळत नाही. तुझ्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. पण तुला एक गोष्ट माहीत नसताना तुझ्याशी भांडणं मला जमणार नाही.

माझ्या सगळ्या नोंदी तालुक्याच्या जुन्या शेती फार्मवरच्या खांबाच्या आहेत. उंच खांब, वर वाट्या, वाऱ्यानं त्या फिरतात आणि वेग मोजला जातो. मी आकडे कागदावरून घेतले होते, खांब कधी बघितला नव्हता. सर म्हणाले होते, गरज नाही. प्रभुलिंग येऊन गेल्यावर मला राहवेना. तुला खोटा म्हणायचं तर आपलं तपासलेलं असावं म्हणून एसटीनं गेले.

खांब आहे. त्याच्या पश्चिमेला, भिंतीला लागून, तीन मजली मंगल कार्यालय आहे. कमानीवर गणपती, मागं स्वयंपाकाचा धूर, उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग आणि त्यावर डुकरं. लग्न चालू होतं. पश्चिमेचा वारा त्या इमारतीवर आदळतो आणि खांबापर्यंत येतो तो फक्त तेलाचा वास घेऊन. फार्मवरच्या बाई म्हणाल्या, "ह्ये व्हऊन लई वर्सं झाली की."

म्हणजे माझा कमी झालेला वारा काही अंशी त्या भिंतीनं अडवलेला आहे. काही अंशी म्हणजे किती, ते मला सांगता येत नाही. इमारत व्हायच्या आधीपासूनच वारा हळूहळू उतरत होता, ते आकड्यांत दिसतं. पण नंतरची मोठी उतरंड वाऱ्याची किती आणि विटांची किती, हे आता वेगळं काढता येत नाही. आपल्या माळावर खरं काय चाललंय हे मला माहीत नाही. तू खोटं बोललास, पण जे बोललास ते कदाचित खरं निघेल. ही शक्यता मी रोज सकाळी उठल्यावर चाचपून बघते, जशी दुखरी दाढ जिभेनं बघतात.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "लेख छापायला गेलाय, रुपाली. एक तळटीप टाकू." मी म्हणाले, सर, तळटीप खूप मोठी होईल. ते म्हणाले, "तू फार विचार करतेस, त्यानं प्रबंध होत नाहीत." आणि चहा मागवला. मी तो प्याले. नको म्हणायला हवं होतं.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी नीट जेवले असं लिहिलं, ते बरोबर नाही. मेसमध्ये ताटावर बसले आणि उठून बाहेर जाऊन ओकले. तुझा भंडाऱ्यानं माखलेला चेहरा आणि मेसच्या वरणाचा रंग एकच होता. हे तुला कळवायचं नव्हतं, पण चुकीची नोंद राहू नये.

रुपाली

१२ जानेवारी २०२५

दादा,

आईला माझ्याशी बोलायला लावलंस, ते मला आवडलं नाही. ती वहिनीच्या फोनवर रडत म्हणाली, "आबाची गादी हाय ती. भावाला चारचौगात उगडा करू नगंस." मी तिला विचारलं, आई, माळ गेला तर तुझी मेंढरं कुठं चरतील? ती म्हणाली, "त्ये मला इचारू नगंस. मी तुला पोटात वाडवलीय, तेवडंच मला कळतंय."

मी सव्वीस जानेवारीला येणार आहे. ग्रामसभेत बोलणार आहे. काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही, कारण खरं काय ते मला ठाऊक नाही. हे तुला आधी कळवतेय. तू मला कळवलं नव्हतंस.

रुपाली

२८ जानेवारी २०२५

दादा,

तू तिथं होतास. तरी मी लिहिते आहे, कारण तू अर्ध्यातून निघून गेलास आणि नंतरचं तुला लोक त्यांच्या सोयीनं सांगतील.

शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आणि सरपंचांनी ठराव वाचला. मी उठले. मला आठवतं, मी एवढंच म्हणाले : माळावरचा जोराचा वारा वाढलाय की कमी झालाय, हे मला माहीत नाही. मी वाढलाय असं कधीही सांगितलेलं नाही. माझं नाव त्यात घेऊ नका.

देवळाचे मानकरी संगप्पाआजोबा म्हणाले, "येवडं शिकून म्हाईत न्हाय?"

मागून कुणी तरी ओरडलं, "म्हाईत न्हाय म्हणायला सोलापूर गाटलं! हितं बसून आमाला फुकाट म्हाईत न्हाय की!"

सगळे हसले. तूही हसलास, मी बघितलं. तोंडात जिलेबी होती तुझ्या.

मी म्हणाले, माझा खांब भिंतीआड आहे, पण कंपनीचा खांब दोन वर्षं आपल्याच माळावर उभा आहे. तिथं भिंत नाही, झाड नाही. त्यांना माहीत आहे. त्यांनी आकडे दाखवावेत, मग ठराव करावा. प्रभुलिंग हात जोडून म्हणाला, ते कंपनीचं गुपित असतं, कुणालाच दाखवत नाहीत. तेवढ्यात निंगव्वाआजी, शेरडांची दोरी हातात धरून पार मागं बसलेली, बसूनच बोलली :

"देवाला इचारलं तर देव सांगतोय. कंपनीला इचारलं तर कंपनी सांगंना. कंपनी देवापरास मोटी व्हय रं, प्रभ्या?"

या वेळी हशा झाला तो दुसऱ्या बाजूनं झाला. त्यानंतर सभा माझी झाली, असं वहिनी म्हणते. मला तसं वाटत नाही. निंगव्वाआजीचं बोलणं गमतीचं होतं, माझं बरोबर होतं, आणि लोक गमतीच्या मागं गेले. उद्या दुसऱ्या कुणाची गंमत चांगली झाली तर तिच्या मागं जातील.

संगप्पाआजोबांनी मग देवाच्या शब्दाचं काय, असं विचारलं. तेव्हा मी ते म्हणाले. देवाचा शब्द असेल तर मी खाली बसते. दादानं भंडारा उचलून सांगावं की त्यात माणसाचा शब्द नव्हता.

तुझे ते मेसेज माझ्या फोनमध्ये होते. मी ते वाजवू शकले असते. वाजवले नाहीत, त्याला दया समजू नकोस. तू शपथेवर काय करतोस ते मला बघायचं होतं.

भंडाऱ्याचं ताट आणलं. तू बाह्या सारल्यास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला स्वच्छ दिसलं की तू खोटी शपथ घेणार आहेस. तुझी मूठ भंडाऱ्यात गेली, भरली, वर यायला लागली. आणि आई, जी ग्रामसभेत आजवर कधी बोललेली नाही, जी मला गप्प बस म्हणून सांगत आली होती, ती म्हणाली :

"ठिव खाली, बिरू. बाच्या हातचं ताट हाय त्ये."

तू मूठ उघडलीस. हात पँटीला पुसलास. निघून गेलास. तुझ्या पँटीवर तो पिवळा पंजा दिसत होता, शाळेच्या फाटकापर्यंत.

आकडे दाखवल्याशिवाय ठराव नाही, असं ठरलं. माळ निदान आत्ता राहिला. मला समाधान होईल असं वाटलं होतं. लोक उरलेल्या जिलेब्यांवर तुटून पडले आणि बोटं चाटत तुझ्याबद्दल बोलायला लागले. कालपर्यंत तुझ्या पायावर डोकं ठेवणारे. "मला आदीपासनंच शंका व्हती." "त्येचा डोळा बगितला का, चोराचा हाय." माझ्या पाठीवर हात फिरवत सांगत होते, जणू मला ते ऐकून बरं वाटणार होतं. त्या चिकट हातांखालून मी निघाले तेव्हा तू होतास ते परवडलं, असं वाटलं. फक्त क्षणभर. तेवढंच लिहिते.

रुपाली

१६ फेब्रुवारी २०२५

दादा,

तू भाकणूक सोडलीस, मेंढरं घेऊन लांब रानात गेलास, हे वहिनीनं सांगितलं. हे पत्र ती भाकरीबरोबर पोचवेल.

मागच्या पत्रात मी फाट्यावरचं लिहिलं नव्हतं. ते महत्त्वाचं नाही असं मी धरलं होतं. चुकलं.

ग्रामसभेनंतर मी एसटीची वाट बघत फाट्यावर बसले होते. वाडीतली माणसं एकेक करून आली. संगप्पाआजोबा सगळ्यांत पुढे. म्हणाले, "पोरी, औंदाची भाकणूक तर गेली. मग आता तूच सांग. वारं कसं?" मी म्हणाले, आजोबा, सभेत सांगितलं की, मला माहीत नाही. ते म्हणाले, "त्ये सबंतलं झालं. आता आपल्याआपल्यात सांग." बायका भोवती बसल्या. एकीनं माझ्या पायाला हात लावून कपाळाला लावला. मी पाय ओढून घेतले, तर म्हणाली, "बगा, ज्याच्याजवळ देव आसतोय त्यो आसाच पाय वडून घेतो."

मी पुन्हा सांगितलं, माहीत नाही. पुन्हा विचारलं. एसटी येत नव्हती, आणि ते हलत नव्हते. ते चिडलेले नव्हते, प्रेमानं विचारत होते. त्यांना वारा नकोच होता. त्यांना कुणाचं तरी ठाम तोंड हवं होतं, आणि तुझं गेल्यावर जवळचं माझं होतं. शेवटी सुटका व्हावी म्हणून मी म्हणाले, वैशाखात वावटळी येतातच, पत्र्यांवर दगड ठेवा आणि जित्राबं सांभाळा. एवढंच. हे कोणीही सांगेल. दरवर्षी पत्रे उडतात.

संगप्पाआजोबांनी हात जोडले. मला वाटलं निरोप घेतायत.

काल वहिनीचा फोन आला. वाडीतल्या सगळ्या छपरांवर दगड चढलेत. त्याचं ठीक आहे. पण संगप्पाआजोबांनी त्यांची सगळी शेरडं विकली. रुपालीच्या तोंडून आलंय म्हणे, वैशाखात वावटळ उठणार आणि जित्राब वाचणार नाही. त्यांचं बघून आणखी दोघांनी विकली. निंगव्वाआजीनंसुद्धा. मी म्हणाले, वहिनी, मी असं बोललेच नाही, जाऊन सांग त्यांना. वहिनी म्हणाली, "सांगितलं की. म्हणत्यात, ती इनयानं न्हाय म्हणती."

मी स्वतः फोन लावला. संगप्पाआजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग परत घिऊ का शेरडं? तू म्हणशील तसं."

मी फोन ठेवला आणि बेसिनवर जाऊन तोंड धूत राहिले. पाणी तोंडावर मारते आहे, मारते आहे, आणि जिभेवरचं जात नाही. तुझ्या त्या जिलेबी भरल्या तोंडाची किळस मला अजून येते, दादा, ती गेलेली नाही. पण आता तशाच तोंडानं मी जेवते, दात घासते, सरांशी बोलते. तळटिपेचा लेख मी परत मागवलाय. सर बोलत नाहीत माझ्याशी. तेवढं एक नीट झालं.

येत्या रविवारी मी वाडीत येऊन प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगणार आहे. ते ऐकतील असं मला वाटत नाही. माझ्या नाही म्हणण्याचंही ते काहीतरी करतील. आलीच वावटळ, तर मी देव. नाही आली, तर मी तिला अडवली.

मला तुला एकच विचारायचं आहे. यात टोमणा नाही, मी तीनदा वाचून खात्री केली आहे. आबा गेल्यावर तू पहिल्यांदा त्या खोपीत बसलास, तेव्हा तू आजच्या माझ्याहून लहान होतास. बाहेर आल्यावर सगळी वाडी तुझ्या तोंडाकडे बघत होती. त्या वर्षी तुला खरंच काही ऐकू आलं होतं का?

आणि आलं नसेल, तर तू त्यांना आधी कितीदा 'न्हाय' म्हणालास?

रुपाली